चाळीस मिलिग्रॅम सूत

तुळजाबाईंच्या हाताला एक खोड होती, आणि ती त्यांनी उमरेडहून, माहेरच्या मागावरून आणली होती. लोंबणारं सूत दिसलं की त्यांना राहवत नसे. कुणाच्या बाहीचा धागा असो की पडद्याची सुटलेली दशी, कैची निघालीच म्हणून समजा! कापलेला तुकडा मात्र जमिनीवर पडू द्यायच्या नाहीत. सुताला पाय लागू नये, ही विणकराच्या घरची शिस्त. तुकडे पदराच्या टोकाला बांधायचे आणि घरी नेऊन देवाच्या वातीत घालायचे.

लग्नानंतर नागपूरला, तांडापेठेतल्या सासरी त्यांनी वर्षभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. मग माग बंद पडला. नवरा जागेश्वर सीताबर्डीत कापडाच्या दुकानात लागला, आणि तुळजाबाई धरमपेठेतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर झाल्या. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. पोरं त्यांना मावशी म्हणतात. शिक्षण दहावी, पण त्यांना विचारल्याशिवाय नवा मास्तर कपाटाला हात लावत नाही. एकदा एक सर आम्लात पाणी ओतायला निघाले, तर बाईंनी मनगटच धरलं. "सर, पाण्यात आम्ल टाकतेत. डोळे जास्त झाले का तुम्हाले?" सर बिचारे आठ दिवस नजर चुकवत होते.

त्यांची मुलगी रोशनी नववीत असताना एक दिवस दप्तर न काढताच ओरडली, "बाबा, अणू सांगणारा तो डाल्टन आहे ना, त्याचा बाप हातमागावर कापड विणायचा!"

जागेश्वर जेवता जेवता थांबला. "म्हणजे आपल्यातलाच निघाला म्हन गा!"

झालं. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव 'आपला डाल्टन'. आपला डाल्टन काय म्हणतो, पदार्थाचे बारीक बारीक कण असतात, ते नव्यानं होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत, फक्त जोड्या बदलतात. तुळजाबाईंना हे लगेच पटलं. लुगडं उसवलं तरी सूत तेवढंच राहतं, यात नवल ते काय?

रोशनी एम.एस्सी., बी.एड. झाली, आणि आईच्याच शाळेत विज्ञान शिक्षकाची एक जागा निघाली. उमेदवार दोन. निवड समितीसमोर नववीच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता. समितीचे प्रमुख महादेवराव सर, निवृत्त रसायनवाले, बाहेरून बोलावलेले. खडूस म्हणून नागपूरभर ख्याती. त्यांना मायलेकींचं नातं ठाऊक नव्हतं.

"तिथं मले आई नको म्हनू," तुळजाबाईंनी आदल्या दिवशी बजावलं. "मावशीच म्हनजो. नाहीतर लोक म्हनतीन, मायच्या वशिल्यानं लागली."

पाठ होता द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाचा. फ्लास्कमध्ये एक द्रावण, आत दोऱ्यानं टांगलेल्या छोट्या नळीत दुसरं, वर घट्ट बूच. वजन करायचं, फ्लास्क तिरपा करून द्रावणं मिसळायची, पुन्हा वजन करायचं. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. नळीचा दोरा तुळजाबाईंनी घरच्या जाड सुताचे चार पदर वळून केला होता. लेकीच्या पाठाला बाजारचा दोरा कसा वापरतील त्या! त्याचं वीतभर टोक बुचाबाहेर लोंबत ठेवलं होतं.

पहिलं वजन आलं १६८.४३ ग्रॅम. रोशनीनं ते फळ्यावर लिहिलं, फ्लास्क तिरपा केला. पाण्यासारख्या दोन द्रावणांतून दुधासारखा पांढरा साका झाला. पोरं "ओहो" म्हणाली. तुळजाबाईंचा ऊर भरून आला. रोशनी फळ्याकडे वळून समीकरण लिहू लागली, तशी बाईंनी सवयीनं फ्लास्कवरचे बोटांचे ठसे कोरड्या फडक्यानं पुसले.

रोशनीनं फ्लास्क तराजूवर ठेवला. १६८.३९.

तिनं पुन्हा ठेवून पाहिला. तेच. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅम, नियम तुटला!" आणि वर्ग खिदळला.

रोशनीनं तो आकडा जसाच्या तसा फळ्यावर लिहिला.

"मॅडम, चाळीस मिलिग्रॅम कुठं गेले?" महादेवराव सरांनी चष्म्यावरून विचारलं. "प्रयोगातली किरकोळ चूक म्हणून सोडून द्यायचं का?"

"नाही सर. वजन कुठं जात नाही. ते शोधावं लागतं."

कोपऱ्यात तुळजाबाईंचा हात पदराकडे गेला. पदराला ताजी गाठ होती. कैची खिशात होती. कधी कापलं हे त्यांना स्वतःलाच आठवेना. अगं बाई, काय केलं हे! एकोणतीस वर्षांत एक चूक नाही, आणि झाली ती आज, पोटच्या पोरीच्या पाठात. गप्प राहावं तर पोरीची नोकरी जाते. बोलावं तर आपलं नाव जातं.

गेलं तर गेलं.

"सर, चूक माही हाय," त्या पुढे आल्या. "दोरा लोंबून राहिला होता. म्या कापला."

महादेवराव सर चिडले. "वा! म्हणजे तो तुकडा गेला केरात. मॅडम, आता पुरावा कुठून आणाल?"

रोशनीनं आईकडे पाहिलं. क्षणभरच.

"केरात नाही सर. आमच्या घरात सूत फेकत नाहीत." मग सगळ्या वर्गासमोर, समितीसमोर, ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई, पदराची गाठ सोड."

तुळजाबाईंनी नख लावलं, गाठ सुटता सुटेना. सुटली. रोशनीनं तो वीतभर तुकडा चिमट्यानं उचलून फ्लास्कशेजारी तराजूवर ठेवला.

१६८.४३.

आधी टाळी वाजवली ती 'नियम तुटला' म्हणणाऱ्या पोरानं. मग वर्गानं जो कल्ला केला, तो शेजारच्या वर्गात ऐकू गेला. तो ओसरल्यावर महादेवराव सर उठले.

"बाई, ही तुमची मुलगी? आधी काहून नाही सांगितलं?"

"वशिला वाटला असता, सर."

"वशिला?" म्हातारा फळ्याकडे बोट करून म्हणाला, "चुकीचा आकडा समितीसमोर न लपवता लिहिते, आणि तो का चुकला ते शोधून दाखवते. तिला वशिला कशाला लागतो?"

चार दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. जागेश्वरनं ते तांडापेठेत घरोघर दाखवलं आणि प्रत्येक दारात न चुकता म्हणाला, "आपल्या डाल्टननंतर आता आपली रोशनी." तुळजाबाईंनी त्याला एकदाही अडवलं नाही.

तो सुताचा तुकडा मात्र त्यांनी वातीत घातला नाही. पुढच्या वर्षी नववीच्या त्याच प्रयोगाला नळी त्याच तुकड्यानं बांधली आणि टोक लोंबतं ठेवलं. हात शिवशिवला, तशी त्यांनी कैची काढून लेकीच्या हातात दिली.

"ठेव तुह्यापाशी," त्या म्हणाल्या, "मॅडम."