नानांच्या फियाटची कड

फियाटच्या मडगार्डला खालून एक कड असते, आत वळवलेली, बोटभर रुंद. बाईमाणसाला हे ठाऊक असायचं काही कारण नाही. मला ठाऊक आहे, कारण ती मी माझ्या हातांनी कापली आहे, चारही चाकांवरची, धुळ्यात आमच्या अंगणात, पदर खोचून. आणि कशासाठी कापली म्हणाल, तर तेवढी मोठी फसगत माझ्या आयुष्यात दुसरी झाली नाही. आजही कुणी 'झालं गेलं विसरून जा' म्हटलं की माझं डोकं फिरतं. तुमचं झालं असतं तर विसरला असतात?

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी धुळ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. संस्थेने मला मुख्याध्यापिका करायचं ठरवलं, पण शाळा दिली शिंदखेड्याच्याही पुढे, आडवळणाच्या खेड्यात. एसटी तिथे पोचायची ती पहिला तास उरकल्यावर. मुख्याध्यापिकाच उशिरा उगवली तर मास्तरांना कोणत्या तोंडाने बोलणार? म्हणून मी शिंदखेड्यात एक खोली पाहून ठेवली. मुलगी आठवीत होती, सासूबाई थकलेल्या होत्या, पण शनिवार-रविवार घरी येऊन निभावून नेईन म्हटलं. असं पद पुन्हा दारात येत नाही.

तर आमचे हेच म्हणाले, "खोली कशाला? नानांची फियाट आहे, तुला चालवता येते. सकाळी जा, संध्याकाळी घरी ये."

नाना म्हणजे माझे वडील. वकील होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी गाडी मला देऊन टाकली होती. चालवायलाही त्यांनीच शिकवलेलं, देवपुरातल्या मोकळ्या मैदानात, लोक हसायचे तरी. ह्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मला अगदी भरून आलं. माझ्या नोकरीबद्दल हा माणूस कधी चांगलं-वाईट बोलला नव्हता. मी त्याच दिवशी संस्थेला होकार कळवला आणि खोली सोडून दिली. हे नीट लक्षात ठेवा. खोली मी ह्यांच्या शब्दावर सोडली.

रस्ता बघायला एकदा दोघं जाऊन आलो. डांबरी संपून काळ्या मातीतल्या चाकोऱ्या लागल्या तसं गाडीचं पोट घासायला लागलं. हे सरकारी वर्कशॉपात कामाला होते, त्यांना गाड्यांतलं कळायचं. मोठे टायर टाकू, गाडी उचलली जाईल, असं त्यांनी ठरवलं. टायर आणून चढवले, तर निराळंच दुखणं सुरू झालं. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढचं चाक मडगार्डच्या कडेला करकर घासायचं, आणि मागे माणूस बसलं की मागचं. कड कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गॅरेजवाले गॅसने पत्रा जाळतात, रंगाची वाट लावतात, त्यापेक्षा घरीच करू, असं ह्यांचं म्हणणं पडलं.

नेमकं घासतं कुठे ते कळावं म्हणून मी एक युक्ती काढली. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू भिजवून टायरला फासला. गाडी हलवली की कडेवर जिथे लाल डाग उमटेल तिथे कापायचं. हे इतके खूश झाले की शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं, बघा म्हणाले, आमच्या बाईंचं डोकं. असं कौतुक मला त्या घरात आल्यापासून मिळालं नव्हतं.

मग दोन रविवार आम्ही तेच केलं. गाडी जॅकवर, खाली विटांचा आधार, चाक काढलेलं, आणि मी गोणपाटावर आडवी. लोखंड कापायच्या करवतीच्या ब्लेडला एका टोकाला चिंधी गुंडाळून मीच कापायचे, कारण आत हात माझाच शिरायचा, ह्यांचा पंजा अडकायचा. मागच्या मडगार्डला दोन पत्रे टाके घातल्यासारखे जोडलेले असतात. त्या टाक्यांच्या वर कापलं तर पत्रे सुटतात, पाणी शिरतं आणि गंज धरतो. म्हणून तिथे थोडीच कड कापायची आणि उरलेली लाकडी ठोकळा लावून हातोडीने वर चपटी करायची. मग कानस मारायची, मग रेड ऑक्साइडचा हात. हे उजेडाला बॅटरी धरून उकिडवे बसायचे, मध्येच स्वतःच्या रुमालाने माझ्या कपाळाचा घाम टिपायचे. एरवी जेवताना 'मीठ दे' याच्यापलीकडे न बोलणारा माणूस, त्या दोन रविवारी लहानपणच्या गोष्टी सांगत होता. मुलगी जेवायला हाका मारून दमली तरी आम्ही उठत नव्हतो. मला वाटायचं, संसार म्हणतात तो हाच असावा, आपल्याला जरा उशिरा कळला.

दुसऱ्या रविवारी वजन टाकून बघायचं ठरलं. मी म्हटलं, मी एकटी आणि माझा डबा, वजन ते कितीसं! ह्यांनी मागे चौघांना बसवलं. मग पुढे तिघांना. मग डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं. शेजारच्या काकू मागच्या सीटवर चेंगरल्या होत्या, त्या आतूनच म्हणाल्या, "वं माय, बठ्ठं गाव बसाडशी का गाडीमा?" अख्खं गाव बसवायचं म्हटल्यावर सगळे हसले, सगळ्यांत जास्त मीच. मागचं डावं चाक अजून जरा लागत होतं. ह्यांनी मला पुन्हा खाली घातलं आणि मी पुन्हा कानस मारली. रस्ता खराब आहे, वजन जास्तीचं धरलेलं बरं, म्हणाले. मला पटलं. विज्ञान शिकवत होते मी, पण नवऱ्याचा शब्द कोण तपासून बघतं?

जळगावला, पिंप्राळ्यात, माझे थोरले दीर राहायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांच्या ओळखीचा रंगारी आहे, कडांना नीट रंग मारून देईल, असं म्हणून हे गाडी जळगावला सोडून आले. आधी रंग वाळायचा होता. मग रंगारी आजारी पडला. मग रंगाऱ्याच्या घरी लग्न निघालं. मी विचारलं की 'येईल गं' एवढंच उत्तर, आणि सासूबाई तर विषय निघाला की डोळे मिटून माळ ओढायला लागायच्या. घरात नुसती अळीमिळी गुपचिळी. रुजू व्हायची तारीख तोंडावर आली तेव्हा मी शाळेत रजा टाकली आणि घरी न सांगता जळगावची एसटी धरली.

पिंप्राळ्याच्या नाक्यावर रिक्षातून उतरले, तर समोरून फियाट येताना दिसली. रंग तोच जुना, कडांवर मी लावलेला रेड ऑक्साइड तसाच तांबडा. टपावर कॅरिअर आणि त्यावर बोचकी. खड्ड्यातून उतरून ती नाक्यावर वळली. स्टिअरिंगवर आबा होते. गाडी थांबली आणि माणसं उतरायला लागली ती संपेचनात, पुढून, मागून, एक म्हातारी तर कुणाच्या तरी मांडीवरून उठून आली, आणि जो तो आबांच्या हातावर भाड्याचे पैसे ठेवत होता. एवढं ओझं घेऊन गाडी पूर्ण वळली होती आणि चाक कुठे लागल्याचा आवाजही आला नाही. काम चोख झालं होतं. त्या रविवारी मागे चार नि पुढे तीन माणसं कशाला कोंबली होती, तेही मला तिथेच कळलं.

आबांनी मला पाहिलं आणि मोकळेपणाने हसले. त्यांच्या मनात काही चोरी नव्हती, असती तर मला कळली असती. त्यांचं कापसाचं जिनिंग बंद पडलं होतं आणि ते किती दिवस घरी बसून होते, हे मला माहीत होतं. हात जोडून म्हणाले, "तुझे उपकार फिटायचे नाहीत. ते हेडमास्तरकीचं सोडलंस आणि गाडी मला दिलीस. कोण करतं एवढं?"

मी सोडलं? एक शब्द बोलले असते तर आबांनी तिथेच किल्ली माझ्या हातात ठेवली असती. पण ज्याची चूल त्या गाडीवर पेटत होती, त्याच्याकडून ती मी काढून घेणार नाही, हे मला समजत होतं. ह्यांना ते माझ्याही आधी समजलं होतं. माझा चांगुलपणासुद्धा ह्यांनी आधीच हिशेबात धरला होता! जाऊबाईंनी आग्रह करून शेवभाजी वाढली, ती कशीबशी खाल्ली आणि परतीची एसटी पकडली.

पुढचं आधी सांगून टाकते. मी रुजू झाले. पहिली खोली गेली होती, दुसरी मिळाली, न्हाणी नसलेली. तिथून मिळेल त्या वाहनाने शाळेत जायचे. नाना विचारायचे, गाडी कशी पळते? मी छान म्हणायचे, आणि ते समाधानाने मान हलवायचे. निवृत्त झाले तीही मुख्याध्यापिका म्हणूनच. पण मला सांगायचं आहे ते जळगावहून परत आले त्या संध्याकाळचं.

हे ओसरीवर पेपर वाचत होते. मी पायातली चप्पलही न काढता विचारलं. ह्यांनी नाकारलंसुद्धा नाही. गोगलगाय अन् पोटात पाय, उगाच नाही म्हणत. पेपराची घडी घातली आणि शांतपणे सांगायला लागले. एकटी बाई रोज त्या आडरस्त्याने गाडी हाकणार, हे त्यांना पहिल्यापासून मान्य नव्हतं. खोली करून राहणं तर त्याहून नाही. तोंडावर नको म्हटलं असतं तर मी हट्टाला पेटले असते. ऐन वेळी खोलीही नाही आणि गाडीही नाही म्हटल्यावर मी आपोआप सोडेन, आणि भावाचंही भलं होईल, असा विचार केला होता. सगळं त्यांनी असं सांगितलं, जसं काही माझीच काळजी वाहत होते.

मी म्हटलं, "मग दोन रविवार मला गाडीखाली कशाला झोपवलंत? वर्कशॉपातल्या कुणीही कापून दिलं असतं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच मायेने पाहिलं, त्याचाच तर मला संताप येतो.

"किती खूश होतीस गं तू," म्हणाले. "म्हटलं, तेवढी तरी हौस होऊ दे तुझी."

शिवी दिली असती तर उलट शिवी दिली असती. हे तर लाड होते. मला वाटत होतं, आम्ही दोघं मिळून माझी गाडी तयार करतोय. आणि हे बॅटरी धरून, घाम टिपून मला नुसतं खेळवत होते, रडू नये म्हणून पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं.