उष्टी हळद आणि तात्यांची चुन्याची डबी

परवा वडूजला भाच्याची हळद होती. माझी सांगलीत हळदीची गिरणी, त्यामुळे हळद अर्थातच मामाकडची... आठवडाभर आधीच दळून बहिणीकडे पोचवली होती.

मांडवात गाणी जोरात चालली होती. पण माझे कान नेहमी भलतीकडेच असतात... मागं दोन बायका कुजबुजत होत्या, "पोराची मान बघ कशी लाल झालीया. मामाच्या गिरणीतली हाय म्हणं!"

मी भाच्याजवळ गेलो. फोटोसाठी हसता हसताच तो हळूच म्हणाला, "मामा, लय खाजतंय ओ."

वाटी उचलून नाकाला लावली. वासच नाही... रंग मात्र डोळ्यांत घुसेल इतका भडक. बाहेर गाडी उभी, नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे न्यायला करवल्या चपला शोधत होत्या. म्हणजे आता हीच वाटी त्या पोरीच्या तोंडाला लागणार!

पण नुसत्या वासावर भर मांडवात हळद खोटी कशी म्हणायची? मार्केट यार्डात पोती उचलायचो तेव्हा एका व्यापाऱ्याकडून ऐकलेलं आठवलं... खऱ्या हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकूसुद्धा असंच करायचे. नुसत्या पिवळ्या रंगाला चुन्याचं काही सोयरसुतक नसतं.

आता चुना कुठून आणायचा? कोपऱ्यात बहिणीचे सासरे, तात्या, तंबाखू मळत बसलेच होते. मी डबी मागितली तर म्हणाले, "आवं पावणं, तुमी कवापास्नं सुरू केलं?"

कागदी प्लेटमध्ये वाटीतली हळद घेतली, चुना कालवला. सगळे वाकून बघायला लागले... पिवळी ती पिवळीच.

मग माझी पिशवी शोधायला स्वयंपाकघरात गेलो. वरच्या फळीवर होती, मी मारलेली गाठ तशीच! चिमूटभर हळद मांडवात आणून सगळ्यांसमोर चुन्यात कालवली, आणि बघता बघता लालभडक. वर लिंबू पिळलं तर पुन्हा पिवळी. तात्या डोळे मोठे करून म्हणाले, "आयला, ही हळद हाय का सरडा!"

मी बहिणीकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती. "दादा, एवढी चांगली हळद अंगाला चोळून धुऊन टाकायची व्हय? ती म्या खायाला ठिवली. अंगाला डेकोरेशनवाल्यानं दिली ती घेतली... फोटोत उठून दिसती म्हणला."

यावर काय रागवायचं...

भाच्याला आंघोळ घातली, माझी हळद कालवली आणि सगळ्यांनी त्याला पुन्हा हळद लावली. उष्टी हळद नवरीकडे उशिरा गेली, पण खरी गेली. लग्नात तिचा नितळ चेहरा पाहिला तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

तात्यांना मात्र आता नाद लागलाय. चुन्याची डबी घेऊन दिसेल त्या पिवळ्या वस्तूची परीक्षा चाललीय... पंगतीतली जिलेबीसुद्धा सोडली नाही म्हणे!

निघताना पाहिलं, बहिणीनं उरलेल्या हळदीला पुन्हा गाठ मारून पिशवी त्याच फळीवर ठेवली होती. धंद्यात कौतुक खूप ऐकलं... पण माझी हळद कुणी अशी जपून ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.