मधूच्या वाटचे पूल

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी विश्रांतवाडीच्या बसस्टॉपवर उभा होतो, मधूकडे जायलाच निघालो होतो. "शरदकाका, बाबा गेले," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, "कुठल्या पुलावर?" ती गोंधळून म्हणाली, "घरीच हो काका. चहा पिता पिता नुसती मान टाकली." मला हायसं वाटलं. जिवाभावाचा मित्र गेल्याचं ऐकून हायसं वाटावं, हे विचित्र दिसतं खरं. पण गेली काही वर्षं मी ज्या फोनच्या धास्तीने जगत होतो, तो हा नव्हता. मधू पाण्यात पडला नव्हता, गाडीखाली आला नव्हता. रडू आलं ते बसमध्ये बसल्यावर. कंडक्टर माझ्याकडे बघून तिकीट न देताच पुढे गेला. पुण्याचा असल्यामुळे थोड्या वेळाने परत मात्र आला.

मधू आणि मी एकाच विमा कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर नोकरी संपवली. कचेरी सुटली की नदीकाठाने चालायची सवय मूळची त्याची, मी आपला मागून फरफटत जायचो. म्हात्रे पुलापाशी सुरुवात करायची आणि दम असेल तर थेट संगम पुलापर्यंत. जलपर्णी माजलेली असायची, वास यायचा, मी नाकाला रुमाल लावायचो. "नदीकडे बघू नकोस, तिला हल्ली आवडत नाही. पुलाकडे बघ," मधू म्हणायचा. लाकडाचं नाव नसलेला लकडी पूल, शंभरी गाठली तरी नवाच राहिलेला नवा पूल, गाड्या लावून बसलेल्या जोडप्यांचा झेड ब्रिज, सगळ्यांचं त्याला घरच्या माणसांसारखं कौतुक. त्यातही जीव भिडे पुलावर. धरणातून पाणी सोडलं की हा बुटका पूल पहिला बुडायचा. "दरवर्षी बुडतो आणि वर आला की काही झालंच नाही असं दाखवतो. अस्सल पुणेकर आहे," असं तो अभिमानाने सांगायचा. पुलांचं हे वेड त्याला कुठून लागलं, हे मी एकदा विचारलं होतं. "कुणाला नाटकं आवडतात," एवढंच उत्तर मिळालं. मी मात्र मुळातच भित्रा. पूल ओलांडताना मी कायम माझ्या पायांकडे बघत आलो. इतकी वर्षं त्याच्याबरोबर हिंडूनही मी एकही पूल धड पाहिलेला नव्हता.

नदीपात्रात मेट्रोचे खांब उभे राहिले तेव्हा मधू आता काय काय बोलेल, याची मी वाट बघत होतो. तो काहीच बोलला नाही. शहरात साधा सिग्नल बदलला तरी आठवडाभर टोमणे मारणारा माणूस, आणि डोळ्यांसमोर एवढं बांधकाम चाललेलं असताना गप्प! एका संध्याकाळी झेड ब्रिजवर उभे होतो. समोर खांबांची रांग, त्यावर मेट्रोचा मार्ग... आणि मधू कठड्याला टेकून म्हणाला, "इथून लकडी पुलापर्यंत कसं मोकळं दिसतं बघ." मी हळूच विचारलं, "मधू, तुला मेट्रो दिसत नाही?" त्याने कठड्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "काचबिंदू आहे. नळीतून बघावं तेवढंच दिसतं, तेही उजेड असला तर. मुक्ताला सांगू नकोस, ती मला घरात बसवेल."

मी तिथेच म्हटलं, "सांगणार. आजच सांगणार." आणि सांगितलं. मुक्ताने डोक्याला हात लावला, डॉक्टर झाले, थेंब सुरू झाले. गेलेली नजर परत येणार नव्हती, त्यामुळे चालणं बंद झालं. मधू माझ्याशी बोलेना. दोन-तीन आठवड्यांनी मुक्ताचाच फोन. "काका, बाबा दिवसभर खिडकीशी उभे राहून नुसते गाड्यांचे आवाज ऐकतात. जेवण निम्म्यावर आलंय. तुम्ही नेता का हो त्यांना? पण तुमच्या जबाबदारीवर." जबाबदारी! उभ्या आयुष्यात मी कधी कुणाची छत्रीसुद्धा सांभाळायला घेतलेली नव्हती.

तेव्हापासून त्याला न्यायला निघालो की बसमध्येच माझ्या पोटात कालवाकालव सुरू व्हायची. उखडलेले ब्लॉक, फुटपाथवरून येणाऱ्या दुचाक्या, कठड्याची तुटलेली जाळी, सगळं मला दोन दोनदा दिसायचं. मधू काठी घेईना. "काठी बघितली की लोक हाताला धरून रस्ता ओलांडून देतात. मला पूल ओलांडायचाय." माझा हातही धरायचा नाही. वर मलाच विचारायचा, "काय दिसतंय, सांग." मी म्हणायचो, "पूल आहे. दगडी आहे." "वा! पंचनामा करतोयस का?" मग मला बघावं लागलं. कमानीखाली पाण्याचा उजेड हलतो, दगडाच्या सांध्यात पिंपळ उगवलाय, खांबावर बगळा बसलाय आणि त्याची मान वाकडी आहे... एक नजर त्याच्या पायांवर ठेवून मी दुसरीने त्याच्यासाठी पूल बघत होतो. वयाच्या सत्तरीत पुलांचा नाद लागला तो असा, जीव मुठीत धरून.

भिडे पुलावर एकदा मागून कुणीतरी जोरात हॉर्न दिला. मधू दचकून उलट्या बाजूला वळला आणि त्याचा पाय कडेवरून सुटला. मी त्याची कॉलर धरून खेचलं, दोघेही खाली बसलो, त्याच्या शर्टाची बटणं उडाली. "शर्ट नवा होता," मधू म्हणाला. मी बटणं गोळा करू लागलो. मग तो हलक्या आवाजात बोलला, "शरद, भीती वाटली रे." एवढ्या वर्षांत हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. मी आता बंद करू म्हणेन, असं त्याला वाटलं असावं, कारण लगेच घाईने त्याने विचारलं, "उद्या येशील ना?" मनातून नको नको होत असताना मी हो म्हणालो, आणि गेलो.

आता तो गेल्याला दीडेक महिना झाला. पोटातली कालवाकालव थांबायला हवी होती, ती थांबलेली नाही. संध्याकाळ झाली की ती येते आणि तिला करायला काम नसतं. खरं सांगतो, मला ती काळजी परत हवी आहे.

परवा धरणातून पाणी सोडल्याचं कळलं आणि मी एकटाच निघालो. झेड ब्रिजवर पूर बघायला निम्मं पुणं लोटलं होतं. कशीबशी कठड्याशी जागा मिळाली. भिडे पूल पूर्ण बुडाला होता. मी आपोआप सांगू लागलो, चांगल्या मोठ्या आवाजात... पाणी गढूळ आहे, लकडी पुलाच्या कमानीतून बाहेर पडताना उसळतंय, मेट्रोच्या खांबाला अख्खी बाभूळ अडकलीय. शेजारी फोटो काढणाऱ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. "काका, कुणाला सांगताय?"

"मित्राला," मी म्हणालो. "त्याला दिसत नाही."

तिने मागच्या गर्दीकडे नजर टाकली. "अहो, मग त्यांना इकडे पुढे घ्या ना! तिथे धक्काबिक्का लागेल," असं म्हणून तिने कठड्याला टेकवलेली बॅग उचलली आणि ती बाजूला सरकली. माझ्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली. ती जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून मी कठड्यावर हात पसरून, अंधारून येईपर्यंत तसाच उभा राहिलो.