फारुकने मांडलेले दगड

फारुक मुकादम कंपनीचा माणूस आहे, ही कुजबुज विठूच्या टपरीवर सकाळी सुरू झाली आणि दुपारच्या जेवणाआधी खालच्या मोहल्ल्यापासून वरच्या वाडीपर्यंत जाऊन पोचली. सड्यावर तो चुना लावलेले दगड मांडतोय, ती मोजणी आहे, आज दगड, उद्या तारेचं कुंपण, परवा आपली गुरं चरायला कुठे? कुणी म्हणालं, त्याला मस्कतहून फोन येतात. कुणी म्हणालं, त्याने बोट दाखवून कुणाला तरी सडा दाखवला. सांगणाऱ्यागणिक कंपनीचं नाव बदलत होतं. माणूस मात्र तोच.

आमचं गाव रत्नागिरीहून पावसला जाताना लागतं. गावाच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे कातळाचं उघडं पठार. पावसाळ्यात गुडघाभर गवत, उन्हाळ्यात तापलेला तवा. असल्या सड्यावर पांढरा दगड दिसला की आमच्याकडचा माणूस आधी घराकडे पळतो. साप दिसला तर तो काठी शोधेल, चुन्याचा दगड दिसला तर सातबारा शोधतो. मोजणीवाले येतात ते आधी चुना लावूनच जातात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

फारुकबद्दल सांगायचं तर हसू आवरत नाही. बावीस वर्षं मस्कतला एका कंपनीच्या यार्डात होता. काम काय, तर शिट्टी वाजवायची. क्रेन मागे आली, वाजव शिट्टी. कुणी डोक्यावर टोपी न घालता आला, वाजव शिट्टी. गावी परतला तो शिट्टी गळ्यात घेऊनच. गावाने त्याचं नाव ठेवलं सेफ्टी. पुतणीच्या लग्नात बिर्याणीच्या देगीभोवती त्याने लाल दोरी बांधली. कुणी भाजू नये म्हणून. त्या दोरीत नवऱ्याची आईच पाय अडकून पडली. तेव्हा त्याची बायको सकिनाभाभी भर मांडवात म्हणाली होती, "ह्या माणसाने निकाहाच्या वेळी पण आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग कबूल म्हणाला."

फारुकची मुलगी आणि जावई दोहाला. त्यांची समरीन आजी-आजोबांकडे वाढली. ती आठवीत गेली आणि सगळा घोळ सुरू झाला.

हायस्कूल पलीकडच्या गावात. डांबरी रस्त्याने सात किलोमीटर, आणि त्या रस्त्यावर चिऱ्याचे डंपर. आंब्याच्या दिवसांत वर पिकअप गाड्या, त्या तर हापूस घेऊन मुंबईला नाही, थेट स्वर्गात चालल्यासारख्या पळतात. सड्यावरून गेलं तर तीनच किलोमीटर. त्या वर्षी शाळेतल्या मुलींना सायकली मिळाल्या. अकरा जणी झाल्या सड्यावरून जाणाऱ्या.

पण सडा काय त्यांच्या एकट्यांचा होता? सकाळी गुरं जायची. लाकूडफाटा घेऊन बायका यायच्या. रविवारी रत्नागिरीतून घट्ट कपडे घातलेले सायकलवाले यायचे, ते अशा वेगाने जायचे की एकदा आमच्या वाडीतल्या एका म्हातारीने मोळी टाकली आणि त्यांच्या सात पिढ्या उचलल्या. आणि वाटेच्या उजव्या अंगाला होती बंद पडलेली चिरेखाण. तीन पुरुष खोल, पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेली, काठ वेडावाकडा, वर गवत. मालक कुठला तरी लांबचा, तो परत फिरकला नाही.

फारुकने दर शनिवारी मुलींचा वर्ग सुरू केला. आम्ही टपरीवरची रिकामी मंडळी तमाशा बघायला जायचो.

"गुरं दिसली की काय करायचं?" फारुक विचारायचा.

"उतरायचं, चाचा."

"घंटा?"

"नाय वाजवायची."

"का नाय वाजवायची?"

वाडीतल्या बाबल्याची मुलगी शमिका म्हणायची, "म्हशीला वाटतं, तिची सवत आली!"

सगळ्या हसायच्या. फारुक शिट्टी फुंकायचा. "दोन सायकलींमधे अंतर किती?"

"चार सायकली मावतील एवढं."

"मग गप्पा कशा मारणार?"

"ओरडून, नाना!" समरीन पुढून ओरडायची. ती कायम पुढे. नातीला पुढे ठेवतो म्हणून मी त्याला टोचलं तर म्हणाला, "दादू, ती माझं ऐकते. पुढचा नीट गेला की मागचे नीट जातात."

गुराख्यांशी, लाकूडवाल्या बायकांशी, अगदी त्या रविवारच्या मंडळींशी बोलून त्याने वाट वाटून दिली. गुरं खाणीच्या पलीकडून, माणसं आणि सायकली अलीकडून. रविवारवाल्यांनी खाणीजवळ उतरून चालायचं. आणि अलीकडच्या वाटेच्या उजव्या बाजूने, खाणीपासून वीस पावलं सोडून, त्याने जांभ्याचे दगड मांडले. चाळीसेक असतील. खाणीला वळसा घालून जाणारी लांब रांग. धुक्यात दिसावेत म्हणून प्रत्येकाला चुना. मुलींना एकच धडा पुन्हा पुन्हा घोटवला: "धुकं असलं की आपल्या डोळ्यांवर जायचं नाय. दगड उजव्या हाताला ठेवायचे आणि दगडांची रांग धरून जायचं. दगड चुकणार नाय."

आता बाबल्या. खाणीच्या अलीकडची सड्याची पट्टी त्याची. खाणीच्या काठाशी त्याची हद्द संपते. भोळा माणूस, जमिनीच्या बाबतीत मात्र झोपेतही एक डोळा उघडा. त्याला चिडवणं हा आमचा टपरीवरचा जुना खेळ. एकदा सकाळी तो आला तो घामाघूम.

"दादू, माझ्या सड्यात पांढरे दगड कसले रे?"

माझ्या हातात चहा होता आणि जीभ मोकळी होती. मी म्हटलं, "तुला नाय माहीत? कंपनी येत्येय. फारुक मोजून देतोय तिकडच्यांना."

"सायकलीचे म्हणाली ना शमिका?"

"पोरींना काय सांगणार मग तो? तुझ्या बापाची जमीन चाललीय म्हणून सांगेल?"

विठू हसून वाकला. बाबल्या हसला नाही. संध्याकाळी त्याने फारुकला रस्त्यात गाठलं आणि विचारलं, "तू कंपनीचा माणूस काय रे?" फारुकला वाटलं, नेहमीची मस्करी. तो म्हणाला, "माणूस कसला, मालकच आहे! तुला कामाला ठेवतो, ये." आणि शिट्टी वाजवत गेला. बाबल्याने ते खरं धरलं.

चार दिवसांनी संध्याकाळी तो टपरीवर आला तेव्हा खूश होता. हळूच म्हणाला, "सरकवले."

"काय सरकवलंस मेल्या?"

"दगड. माझ्या जमिनीतून बाहेर. नेऊन ठेवले बरोब्बर हद्दीवर. आता मोजू दे त्याला काय मोजायचं ते."

"फेकून का नाय दिलेस?"

त्याने कानाला हात लावला. हद्दीचा दगड उपटून टाकला तर घराला दोष लागतो, असं आमच्याकडे मानतात. सरकवायला हरकत नाही. सरकवण्याचा तंटा कोर्टात जातो, दोष लागत नाही. म्हणून बाबल्याने चाळीसच्या चाळीस दगड एकेक करून उचलले आणि त्याच रांगेत, तेवढ्याच अंतराने, खाणीच्या काठावर नेऊन मांडले. मी हसलो. विठूला पुन्हा सांगून हसलो. ती रांग मुलींची वाट आहे, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला बाबल्याचा चेहराच दिसत होता, खाण दिसत नव्हती.

फारुक त्या आठवड्यात रत्नागिरीला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन. जाताना समरीनला सांगून गेला होता, "मी नसलो तरी दगड आहेत."

दुसऱ्याच दिवशीची, ऑक्टोबरची सकाळ होती. धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. मुली निघाल्या. पुढे समरीन, मागे चार सायकलींचं अंतर सोडून शमिका, मग बाकीच्या. पायाखालची वाट बदलल्यासारखी वाटली, असं शमिकाने नंतर सांगितलं. तिने ओरडून विचारलंही, "समरीन, हीच ना वाट?" पुढून उत्तर आलं, "दगड आहेत ना उजव्या हाताला!" मग गवताचा आवाज, आणि मग पाण्याचा. शमिकाने ब्रेक दाबले. मधे चार सायकलींची जागा होती, म्हणून ती थांबू शकली. तिचं पुढचं चाक काठावर होतं.

समरीनला दुपारी काढली. सायकल तिसऱ्या दिवशी निघाली.

बाबल्या आपल्या मुलीला मिठी मारून सड्यावर बसला होता आणि रडत होता. लोकांना वाटलं, मुलगी वाचल्याचं रडतोय. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर तो टपरीवर आला नाही. आजपर्यंत नाही.

फारुक दफनानंतर चौथ्या दिवशी सड्यावर गेला. डोळ्यावर काळा चष्मा. मी बरोबर होतो. धुकं उठलं होतं, ऊन चांगलं होतं, आणि सगळे दगड पांढरेशुभ्र, खाणीच्या अगदी कडेला, ओळीने; काठ आत घुसला होता तिथे तर रांगेच्या डाव्या अंगालाही गवताखाली पाणीच. तो पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत चालत गेला. परत आला. पावलं मोजली. पुन्हा मोजली.

"दादू," तो म्हणाला, "मी हे इथे मांडले?"

मी खाली वाकून चपलेत अडकलेलं कुसळ काढायला घेतलं.

"वीस पावलं सोडून मांडले होते रे मी. मला आठवतंय. का आठवत नाय? तू बघितले होतेस ना?"

तेव्हा सांगायला हवं होतं. बाबल्या गेला असता तुरुंगात, माझं तोंड काळं झालं असतं, पण सांगायला हवं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, फारुक. अर्धं दिसत नव्हतं तुला."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग मान हलवली. "हो," म्हणाला. "तसंच असेल." आणि खाली बसून त्याने एकेक दगड पाण्यात ढकलायला घेतला.

पुढे वर्ग बंद झाला. अकरातल्या पाच जणींची शाळा सुटली. बाकीच्या एस.टी.ची वाट बघत फाट्यावर उभ्या राहायला लागल्या. रविवारवाले सायकलवाले फुलं घेऊन आले, हेल्मेट काढून उभे राहिले, मग त्यांनीही दुसरा सडा धरला. फारुक मात्र रोज सकाळी शाळेच्या वेळेला खाणीवर जाऊन बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचा, गुरांनासुद्धा. शिट्टी वाजवत नसे. हात आडवा धरायचा. सकिनाभाभी एकदा मला म्हणाली, "भावजी, हा माणूस कुणाचं भांडं फुटलं तरी म्हणतो, माझं चुकलं. तुमच्याशी बोलतो तो. तुम्ही काहीतरी सांगा ना." मी सांगतो म्हटलं.

दोन वर्षांनी, रमझानच्या आधीच्या महिन्यात, त्याने अंथरूण धरलं. मी बघायला गेलो तेव्हा आवाज पार गेला होता. त्याने मला जवळ बोलावलं.

"तुला गावातलं सगळं कळतं," म्हणाला. "खरं सांग. लोक काय म्हणतात? माझ्यामुळे गेली म्हणतात?"

मी म्हटलं, "कोण म्हणेल रे असं?"

"म्हणतील. बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे केलं. सहा दिवसांनी गेला. समरीनच्या शेजारीच आहे.

फारुक कंपनीचा माणूस नव्हता. कुठलीही कंपनी येणार नव्हती. दगड त्याने मुलींसाठी मांडले होते, योग्य जागी, खाणीपासून वीस पावलं सोडून. ते काठावर बाबल्याने नेले, आणि ते कंपनीचे आहेत असं बाबल्याला मी सांगितलं होतं.