रस्त्याकडं तोंड

नांदे गावात साळूबाईंना दमा नव्हता, गुडघेदुखी नव्हती. होती ती धाकटी जाऊ. रंभाबाई लग्न होऊन आली त्या दिवशी साळूबाईंच्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढं थांबलंच नाही. वाटण्या झाल्या, रस्त्याच्या अलीकडं थोरल्याचं घर आणि पलीकडं धाकट्याचं झालं, तरी दुखतच होतं. रंभाबाईनं ओट्याला फरशी बसवली की साळूबाईंच्याही ओट्याला फरशी. तिनं हिंजवडीच्या पोरांना भाड्यानं द्यायला खोल्या काढल्या की इकडंही खोल्या.

२००७च्या संक्रांतीला रंभाबाईच्या गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसला. त्याच्या काचा रस्त्याकडं तोंड करून चमकायला लागल्या. एसटीतली माणसं माना वाकड्या करून बघत. खोली बघायला आलेली पोरं आधी वर बघत आणि मग पलीकडं जात. साळूबाईंना घास गोड लागेना.

"आपल्याला बी सोलर पायजे," त्यांनी नवऱ्याला, जयसिंगरावांना, सांगून टाकलं.

"बंब हाय की," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी साळूबाईंनी तांब्याचा बंब मोडीत घातला.

चैत्रात पुण्याहून सोलर बसवणारा आला. "मावशी, काचांचं तोंड दक्षिणेला पाहिजे. म्हणजे मागं, गोठ्याकडं."

"गोठ्याकडं? म्हशीस्नी दाखवायला आणलाय व्हय?"

"थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो. रस्त्याकडं लावलं तर ऊन नीट मिळणार नाही."

"मग पलीकडं कसा रस्त्याकडं हाय?"

"त्यांच्या घराला रस्ताच दक्षिणेला आहे ना."

हे ऐकून साळूबाईंचा जीव नुसता जळला. वाटणीत ऊनसुद्धा धाकटीलाच गेलं होतं! "रस्त्याकडंच लाव," त्या म्हणाल्या.

आणि खरं सांगायचं तर वैशाखात पाणी कढत निघालं. त्या दिवसांत गरम पाणी हवं असतं कुणाला? पण साळूबाई भर उन्हाळ्यात त्याच पाण्यानं अंघोळ करत आणि लालबुंद तोंडानं ओट्यावर येऊन बसत, रंभाबाईला दिसावं म्हणून.

पाऊस सरला, ऊन कललं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला जयसिंगराव तेल-उटणं लावून पाटावर बसले. साळूबाईंनी नळ सोडला. पाण्याला कोमटसुद्धा म्हणवेना. जयसिंगरावांचे दात वाजायला लागले.

"बंब असता तर..." ते ओरडले.

"गप बसा!"

आवाज रस्त्यापलीकडं गेला असावा. थोड्या वेळानं रंभाबाई दोन्ही हातांत वाफाळत्या बादल्या घेऊन दारात उभी.

"अक्का, घ्या हे पाणी. आमच्याकडं लई हाय."

तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती आणि तेच साळूबाईंना जास्त झोंबलं. तिनं टोमणा मारला असता तर बादल्या तिथंच पालथ्या करता आल्या असत्या. 'नको' ओठांवर येईपर्यंत जयसिंगरावांनी एक बादली आत ओढलीसुद्धा.

दुसरी उरली. साळूबाईंच्याही अंगाला तेल चोपडलेलं होतं आणि सणाच्या दिवशी तसंच बसून राहता येत नव्हतं. रंभाबाई गेल्याची खात्री करून त्या न्हाणीत गेल्या, पाण्यात बोटं बुडवली आणि चटका बसून झटकन काढली. गार पाण्याचं विसण घातल्याशिवाय ते पाणी अंगावर घेणं शक्यच नव्हतं.

त्यांनी हात लांबवला आणि आपल्या सोलरचा नळ सोडला.