पलीकडच्या भिंतीला आधी मीच पोचले

आमच्या विहिरीतला नियम एकच: जी आधी पायऱ्या गाठून वर चढेल, ती जिंकली. चुलत बहिणीला मी कायम हरवायची. बारावीनंतर खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश मिळावा म्हणून आम्ही दोघी नांदेडच्या कॉलेजात पोहण्याच्या चाचणीला गेलो. जाऊन परत यायचं, हे मला ठाऊक होतं. पण पलीकडच्या भिंतीला आधी हात लागला आणि सवयीनं मी बाहेरच चढले. ती मेली वळून परत गेली. जागा तिला मिळाली.

आता सुट्टीत ती कॉलेजचा ट्रॅकसूट मिरवत गावी येते. विहिरीतून आजही आधी मीच वर चढते. काठावर माझी आई टॉवेल घेऊन उभी असते. मला म्हणते, "सरक बाजूला, माझ्या लेकराला सर्दी व्हईल."