माळवदावरची माती

निजामाच्या अमलात आमच्या शाळेत पुस्तके उर्दू आणि बहुतेक मुली घरी मराठी बोलणाऱ्या. त्यामुळे मी तोंडापेक्षा हातांनी जास्त शिकवी. पाठात ‘जलजला’, म्हणजे भूकंप आला, तेव्हा मी घरून पाट आणि दोन लाटणी आणली. लाटण्यांवर पाट ठेवला. मुलींनी त्यावर तुऱ्हाट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे खांब रोवले, खडे-चिखलाच्या भिंती घातल्या, वर मातीचे छत केले. आत माणसे म्हणून चिंचोके. मग पाट मागेपुढे ओढायचा. जड छताचे घर आधी बसे. हलक्या छताचे तडकले तरी उभे राही.

आमच्याकडची घरे माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर देतात, जुना मात्र कोणी काढत नाही. मी मुलींना सांगितले, थर द्या, पण आधी जुना खरवडा.

पाटलांच्या मुलीने हे घरी सांगितले, तेही गडी मातीच्या टोपल्या घेऊन शिडी चढत असताना. दुसऱ्या दिवशी पाटील वर्गाच्या दारात.

“बाई, उद्यापासनं पोरगी येणार न्हाई. गड्यांसमोर बापाला अक्कल शिकिवती!”

ही मुलगी वर्गात पहिली होती. घरी बसली की तिचे लग्न उरकणार, हे मला ठाऊक होते. मी वाद घातला नाही, पाट पुढे केला.

“पाटील, तुम्हीच घर बांधा. पडले नाही तर पोरीला घेऊन जा.”

“पोरीसोरींची घरं पडणारच. आता बघा.”

बाह्या सारून ते बसले. भिंती खरोखर चांगल्या घातल्या, कोपरे नीट सांधले, वर पातळ छत दिले. मुलींनी पाट ओढला. घर हलले नाही. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

त्यांची मुलगी पुढे झाली. “आबा, आपल्या माळवदावर एकच थर हाय का?”

“एकच कसा आसंल? माझ्या आज्यापासनं पडत आलेत.”

तिने ओल्या मातीचा गोळा त्यांच्या हातात दिला. “मग हा आज्याचा.”

त्यांनी तो थापला. मग वडिलांचा थापला. ते हात झटकू लागले, तशी मणियाराची मुलगी मागून म्हणाली, “पाटील चाचा, तुमचा ऱ्हायला की!”

वर्ग हसला. पाटलांनी आपलाही थर दिला. पाट ओढताच खांब कलले आणि छत सगळेच्या सगळे आत बसले.

पाटलांनी ढिगाऱ्यातून चिंचोका काढला. “हा कोण गं?”

“तुमीच, आबा. दुपारचे झोपलाव.”

“माती लई ओली होती,” ते म्हणाले आणि हात न धुताच निघून गेले. मुलीला नेलेही नाही, ठेवतो असेही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शाळा सुटताच मी तडक त्यांच्या घरी गेले. पाटील माळवदावर उभे राहून गड्यांकडून जुनी माती खरवडून घेत होते. मुलगी खाली टोपल्या रित्या करत होती.

“बाई, आजची सुट्टी द्या तिला,” वरून आवाज आला. “कुठवर खरवडायचं ते तिलाच ठावं.”

“सुट्टी नाही. गैरहजेरी लागेल.”

“लावा. उद्या येतीया.”